वाचकांचे प्रश्न : नमुने पुरेसे, तरी उत्तर नाही

प्रश्न : औषधाचा परिणाम तपासण्यासाठी आम्ही पेशींच्या १२ नमुन्यांचं आरएनए सिक्वेन्सिंग (कुठलं जनुक किती सक्रिय आहे ते मोजणारी चाचणी) केलं. ६ औषध दिलेले, ६ न दिलेले. संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, यातून औषधाचा परिणाम वेगळा काढताच येणार नाही. चुकलं कुठे?

उत्तर : आरएनए कुठल्या दिवशी काढला, ते वहीत पाहा. न दिलेले सहा सोमवारी आणि दिलेले सहा गुरुवारी, असं निघालं तर दुखणं तेच. काम करायला ते सोपं पडतं, म्हणून फार जण तसं करतात. पण किटचा लॉट बदलला, हात बदलला, नळ्या बर्फाबाहेर जास्त वेळ राहिल्या, तरी असंख्य जनुकांचे आकडे हलतात. आता दिसणारा फरक औषधाचा की गुरुवारचा? कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगू शकत नाही. ‘बॅच करेक्शन’ (वेगवेगळ्या दिवशी केलेल्या कामातला फरक गणिताने काढणं) लावून सुटका होईल असं वाटतं, पण दिवसाचा फरक पुसताना औषधाचाही पुसला जातो.

पेशींचे गोळे उणे ८० अंशांत शिल्लक असतील तर आरएनए पुन्हा काढा, दर दिवशी ३ दिलेले आणि ३ न दिलेले. गडबड फक्त लायब्ररी (आरएनएपासून सिक्वेन्सिंगसाठी बनवलेले डीएनएचे तुकडे) करताना झाली असेल तर उरलेल्या आरएनएपासून लायब्ररी नव्याने, मिसळून करा. प्रत्येक नमुन्याला बारकोड (ओळखीसाठी डीएनएचा छोटा तुकडा) लावून सगळ्यांचं एकच मिश्रण यंत्राच्या सर्व लेनवर (वाहिन्यांवर) चालवा, म्हणजे लेनचा फरक सर्वांना सारखा लागू होतो.

आणखी एक विचारून घ्या : प्रत्येक गटातले सहा नमुने स्वतंत्रपणे वाढवलेले होते, की एकाच बशीतल्या पेशी सहा नळ्यांत वाटल्या? वाटल्या असतील तर नमुना एकच, बाकी पाच त्याच्या नकला. हे सगळं पहिली नळी उघडण्याआधी अर्धा तास बसून ठरवता आलं असतं. संख्याशास्त्रज्ञाला डेटा आल्यावर बोलावणं हीच खरी चूक.

प्रश्न : आमच्या जनुकांच्या यादीत तारखा आल्या आहेत. शिवाय सहकाऱ्याने दिलेली उत्परिवर्तनांची ठिकाणं आमच्याशी जुळत नाहीत.

उत्तर : तारखा एक्सेलने केल्या. एमएआरसीएच१ (MARCH1) हे जनुकाचं नाव लिहिलं की तो १ मार्च समजतो. म्हणूनच २०२० मध्ये ही नावं अधिकृतपणे बदलली. ते जनुक आता एमएआरसीएचएफ१ (MARCHF1). जुन्या याद्यांत मात्र जुनीच नावं सापडतील. फाइल उघडतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ करा आणि नावाशेजारी एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाबेसमधला क्रमांक ठेवा.

ठिकाणांचा फरक किती, ते मोजा. नेमका एका बेसचा (डीएनएच्या एका अक्षराचा) असेल तर कारण फाइलचा प्रकार : बेड (BED) फाइल शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ (VCF) एकपासून : व्हीसीएफमधला १००वा बेस बेडमध्ये ९९ ते १०० असा दिसतो. फरक हजारोंचा आणि दर गुणसूत्रावर वेगळा असेल, तर एकाने मानवी जीनोमच्या संदर्भाची जुनी आवृत्ती जीआरसीएच३७ वापरली आणि दुसऱ्याने नंतरची जीआरसीएच३८. लिफ्टओव्हर या साधनाने एका आवृत्तीतली ठिकाणं दुसरीत बदलता येतात, काही गळतात. शक्य असेल तर मूळ रीड्सच (यंत्राने वाचलेले तुकडे) नव्या संदर्भावर पुन्हा जुळवा. आणि आवृत्ती फाइलच्या नावातच लिहा.