सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून हक्क जातो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे लग्न १९९२ मध्ये झाले आणि वडील २००१ मध्ये वारले. वडिलोपार्जित शेतजमिनीला वारस म्हणून फक्त दोन्ही भावांची नावे लागली आहेत. लग्न झालेल्या बहिणीला आता काही मिळत नाही, असे ते सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायादाचा (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच वाटा असणाऱ्याचा) दर्जा दिला, तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते, आणि भावांच्या बोलण्यात बहुधा तीच जुनी तरतूद उरली आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने हा भेद संपवला. त्या तारखेला वडील हयात असावे लागतात का, यावर बरीच वर्षे परस्परविरोधी निकाल येत राहिले. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच निर्माण होतो, त्यामुळे वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी जमीन विकली गेली असेल किंवा नोंदणीकृत दस्ताने अथवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल, तर ते व्यवहार उकरून काढता येत नाहीत. ‘तोंडी वाटप झाले होते’ हा बचाव सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असल्याखेरीज सहसा टिकत नाही.

भावांची नावे लावणारी नोंद, म्हणजे फेरफार, हा महसुली अभिलेख आहे; त्याने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. तरीही त्या फेरफाराची नक्कल आधी काढा आणि वारसांच्या यादीतून तुम्हाला वगळले आहे की तुमच्या नावाने हक्कसोड दाखवली आहे, हे पाहा. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीकडून ‘तलाठ्याला द्यायचा आहे’ म्हणून सही करून घेतलेल्या साध्या कागदाने हक्क सुटत नाही (असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत). त्यानंतर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करा आणि जमीन परस्पर विकली जाऊ नये म्हणून त्याच दाव्यात तूर्तातूर्त मनाई हुकूम मागा. उशीर करू नका, कारण हक्क नाकारल्याचे कळल्यावर मुदतीचा मुद्दा उपस्थित होतो.

प्रश्न : अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, म्हणून सदनिकेचा भाडेकरार फक्त नोटरीकडून करून घेतला. मुदत संपली, तरी राहणारे गृहस्थ जागा सोडत नाहीत.

उत्तर : अकरा महिन्यांची ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (जागा वापरण्याचा केवळ परवाना देणारा तुमच्यासारखा करार) कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मुदत संपलेल्या परवानाधारकाविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट शुल्कही मागता येते, पण तुमची बाजू तेथे लंगडी राहील.

प्रश्न : मालाच्या उधारीपोटी मिळालेला धनादेश खात्यात रक्कम नसल्याने परत आला. ग्राहक ‘पुन्हा टाका’ म्हणतो. थांबावे का?

उत्तर : धनादेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा भरता येतो, पण केवळ शब्दावर विसंबून नोटिशीची मुदत घालवू नका. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस गेली पाहिजे; ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (धनादेशांसंबंधीच्या कायद्याच्या) कलम १३८ ची तक्रार दाखल करावी. ती तुमचे खाते असलेल्या बँक शाखेच्या हद्दीतील न्यायालयात चालते. नोटीस अचूक पत्त्यावर पोचदेय डाकेने पाठवा. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आली, तर तो लिफाफा फोडू नका. तो तसाच बंद न्यायालयात हजर करायचा असतो.