अहवालात उपकरणाचा रोजच्या जगण्याशी संबंध कसा दाखवू?

नुसतं ‘दैनंदिन जीवनात उपयोग होतो’ लिहिलंत तर परीक्षक पान उलटतात. एकच उपकरण धरा. समजा, हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगत ठेवून त्याची घनता मोजायची काचेची नळी. दुधासाठीचा त्याचा भाऊ म्हणजे लॅक्टोमीटर, जोगेश्वरीच्या तबेलेवाल्यांना चांगलाच ठाऊक! दुधाची घनता साधारण १.०३ ग्रॅम प्रति मिलिलिटर, पाण्याहून थोडी जास्त. पाणी घातलं की ती घटते आणि नळी जास्त बुडते. सकाळी भैयाने दिलेलं दूध मोजा, कपभर पाणी ओतून परत मोजा, दोन्ही आकडे लिहा. तापमानही, गरम दुधात आकडा चुकतो. आणि मर्यादा लिहाच: साय काढली की घनता वाढते, मग बेताने पाणी घातलं तर लॅक्टोमीटर फसतो. गॅरेजमध्ये हायड्रोमीटरने होणारी बॅटरीतल्या आम्लाची तपासणी एका ओळीत उरका.