पर्यटन अभ्यासक्रमात एआय आणि आभासी सफर नेमकी कशी वापरायची?

गाइड प्रशिक्षणापासून सुरुवात करा, तिथे फायदा लगेच दिसतो. उदाहरणार्थ अजिंठा. लेणे क्रमांक १, १६ आणि २६ यांचे ३६० अंशांचे फोटो घ्या (रुंदी उंचीच्या दुप्पट हवी, नाहीतर चित्र ताणलेले दिसते). विद्यार्थ्याने हेडसेट (डोळ्यांवर लावायचे आभासी दृश्याचे यंत्र) लावून ५ मिनिटांत पद्मपाणी (लेणे क्रमांक १ मधले बोधिसत्त्वाचे भित्तिचित्र) समजावून सांगायचा. एका वेळी १० मिनिटांपेक्षा जास्त नको. दृश्य हलते पण शरीर स्थिर राहते, म्हणून मळमळ होते. त्यामुळे चालण्याऐवजी एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी नेणारी रचना ठेवा. हेडसेट कमी असतील तर प्रोजेक्टरवरही काम भागते.

मग चॅटबॉटला पर्यटकाची भूमिका द्या: ‘तू ६५ वर्षांची पर्यटक आहेस, गुडघे दुखतात, वेळ दोनच तास आहे. एका वेळी एकच प्रश्न विचार.’ ही शेवटची अट विसरलात तर तो स्वतःच भाषण देत सुटतो.

खरा धोका माहितीचा आहे. एआय अजिंठा आणि वेरूळ यांची सरमिसळ करू शकते. कैलास मंदिर वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे म्हणजे विहार (बौद्ध भिक्खूंचे निवासस्थान). अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी; इथे चूक झाली तर अख्खी सहल बोंबलते. म्हणून तपासलेली दोन पानी टिपणे आधी चॅटबॉटला द्या, आणि त्याच्या उत्तरांतल्या चुका शोधण्याला गुण ठेवा. माझ्या मते सर्वाधिक शिकणे तिथेच होते.