इंजिन चालू केलं की पडद्यावर ठिपके

प्रश्न : नाथसागरात मासेमारीसाठी नवी फायबरची होडी घेतली. जुना फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे अन् तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र) काढून नवा बसवला, तरी इंजिन चालू होताच पडदा ठिपक्यांनी भरतो. हाही बदलू का? – एक वाचक, पैठण

उत्तर : थांबा दादा, आणखी पैसे घालू नका! इंजिन बंद असताना तळ स्वच्छ दिसतो ना? मग यंत्र चांगलंय, आधी वायरिंग बघा. माझ्या होडीत मिस्तरीनं सेन्सरची (यंत्राचा पाण्यात ध्वनिलहरी सोडून टिपणारा भाग) अन् इंजिनची वायर एकाच पट्टीत करकचून बांधली होती; पट्टी कापली, वायरी दोन बाजूंनी नेल्या, ठिपके गेले. यंत्राला लाइन थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवरून द्या, लाल वायरीत बॅटरीजवळच फ्यूज टाका. सेन्सरची वायर उरली तरी कापू नका. होडी पळतानाच ठिपके येत असतील, तर सेन्सर पंख्याच्या बुडबुड्यांपासून लांब सरकवा.