फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवताना

कॅमेऱ्यापासून दूर, स्टँडवर ठेवलेल्या फ्लॅशविषयी या वेळी इतकी पत्रे आली की इतर विषय पुढच्या अंकासाठी ठेवून त्यांतील चार पत्रेच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे फोटो काढतो. जुना कॅमेरा विकून गेल्या वर्षी कॅननचा २००डी मार्क टू घेतला. जुना मॅन्युअल, म्हणजे ताकद हाताने लावायचा, फ्लॅश मात्र जवळच ठेवला होता. तो नव्या कॅमेऱ्यावर एकदाही उडाला नाही. म्हणून दोन हजारांच्या आतली ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून रेडिओने निरोप पाठवणारा) आणि रिसिव्हर (फ्लॅशखाली बसून तो निरोप घेणारा) यांची जोडी आणली. ट्रिगरवरचे बटण दाबले की फ्लॅश उडतो, पण शटर दाबले की काहीच होत नाही. हीच जोडी आणि हाच फ्लॅश मित्राच्या निकॉनवर व्यवस्थित चालतात. दुकानदार म्हणतो, तुमचा कॅमेरा बिघडला आहे. लगीनसराई तोंडावर आली आहे आणि सहा हजारांपेक्षा जास्त खर्च झेपणार नाही. काय करावे? (एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर)

उत्तर : तुमचा कॅमेरा धडधाकट आहे आणि ट्रिगरही. फ्लॅश जिथे सरकवून बसवतात त्या हॉट शूवर मोबाइलचा टॉर्च धरून एकदा नीट पाहा. मित्राच्या निकॉनच्या शूमध्ये मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका दिसेल आणि त्याच्या आजूबाजूला लहान ठिपके असतील. तुमच्या शूमध्ये फक्त लहान ठिपकेच सापडतील. शटर पूर्ण उघडल्याची खूण मधल्या ठिपक्यातून फ्लॅशला मिळते, आणि साध्या मॅन्युअल फ्लॅशला किंवा साध्या ट्रिगरला तेवढी एकच खूण समजते. कॅननने १५००डी, ३०००डी आणि तुमचा २००डी मार्क टू या कमी किमतीच्या मॉडेलांमधून हा मधला ठिपकाच काढून टाकला. उरलेल्या लहान ठिपक्यांमधून कॅननची स्वतःची सांकेतिक बोली जाते आणि ती न समजणारे कोणतेही उपकरण तुमच्या कॅमेऱ्यावर मुकेच राहणार. आपल्या भागातील कितीतरी तरुणांचा पहिला कॅमेरा यांपैकीच एखादा असतो, तेव्हा दुकानदारांना तरी हे ठाऊक असायला हवे होते.

याचा अर्थ असा की तुम्हाला खास कॅननसाठी बनवलेलाच ट्रिगर लागेल, आणि त्याच्या माहितीपत्रकातील कॅमेऱ्यांच्या यादीत २००डी मार्क टू हे नाव छापलेले असले पाहिजे. नुसते ‘कॅननला चालतो’ या शब्दावर पैसे देऊ नका. कॅमेरा बरोबर न्या, ट्रिगर त्यावर चढवा आणि काउंटरवरच शटर दाबून पाच-सहा वेळा फ्लॅश उडवून पाहा. ऑनलाइन मागवत असाल तर वस्तू परत घेण्याची मुदत पाहून मागवा आणि पेटी आल्या दिवशीच ही तपासणी उरकून घ्या.

आता पैशांचे पाहू. स्वस्त ट्रिगर शोधताना माणूस ट्रिगरचीच किंमत पाहतो आणि प्रत्येक फ्लॅशखाली एक वेगळा रिसिव्हर लागतो हे विसरतो. दोन फ्लॅश म्हणजे दोन रिसिव्हर, त्यांचे आणखी सेल, आणि ऐन ‘सावधान’च्या वेळी निसटू शकणारा एक जास्तीचा जोड. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने रिसिव्हर पोटातच असलेला मॅन्युअल फ्लॅश घ्यावा. गोडॉक्सचा टीटी६०० किंवा योंगनुओचा वायएन५६०-चार हे या प्रकारचे फ्लॅश आहेत. दोन्हींना चार पेन्सिल सेल लागतात, दोन्हींची ताकद पूर्णपासून एकशेअठ्ठाविसाव्या भागापर्यंत उतरवता येते आणि त्या-त्या कंपनीचा योग्य ट्रिगर ही ताकद कॅमेऱ्याजवळूनच बदलू शकतो. एका कंपनीचा ट्रिगर दुसऱ्या कंपनीच्या फ्लॅशशी बोलत नाही, त्यामुळे पहिली खरेदी करतानाच पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करून कंपनी निवडावी लागते. तुमच्या कॅमेऱ्याच्या अडचणीकडे पाहता मी गोडॉक्सकडे झुकेन, कारण त्याच्या कॅननसाठीच्या ट्रिगरमध्ये लहान ठिपक्यांची बोली आहे. योंगनुओची आरएफ-६०३ ही जोडी अनेक वर्षे आपल्याकडच्या फोटोग्राफरांची लाडकी होती आणि मधला ठिपका असलेल्या कॅमेऱ्यावर ती आजही निमूट काम करते. पण तिच्यातून फक्त ‘उड’ एवढाच निरोप जातो. फ्लॅशची ताकद एक पायरी उतरवायची तर वऱ्हाड ओलांडून, स्टेजवरच्या वायरींमधून वाट काढत स्टँडपर्यंत जावे लागते.

टीटीएलचा, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः मोजून फ्लॅशची ताकद ठरवण्याचा, मोह तुम्हाला दुकानात दाखवला जाईल. वरातीत नवरदेव घोड्यावरून कधी जवळ तर कधी दूर असतो, तिथे तो उपयोगाचा आहे. स्टेजवर मात्र फ्लॅश आणि नवरा-नवरी यांच्यातले अंतर संपूर्ण संध्याकाळभर तेच राहते. एकदा मोजून ठरवलेली मॅन्युअल ताकद शेवटच्या पाहुण्यापर्यंत तशीच चालते. उलट टीटीएल पांढऱ्या सदऱ्याला एक उजेड देईल आणि गडद जांभळ्या शालूला दुसरा.

तुमच्या रकमेत असा फ्लॅश आणि ट्रिगर दोन्ही एकदम बसणार नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर या सराईत फक्त फ्लॅश घेतला असता आणि ट्रिगर पुढच्या मिळकतीतून. ट्रिगर नसतानाही हा फ्लॅश बिनतारी चालवण्याचा एक जुना मार्ग आहे. त्याच्या अंगावर एक प्रकाशसंवेदक असतो आणि दुसरा एखादा फ्लॅश चमकला की त्या झोताने तोही उडतो. तुमच्या कॅमेऱ्याला वर उघडणारा छोटा फ्लॅश आहे, त्यालाच हे काम द्या. फ्लॅशवर एस-१ आणि एस-२ अशा दोन रीती असतात. तुमचा छोटा फ्लॅश खऱ्या झोताआधी मोजणीसाठी एक हलका झोत टाकतो, आणि तो पहिला झोत सोडून देण्यासाठी एस-२ ही रीत आहे. एस-१ वर ठेवलात तर मोठा फ्लॅश क्षणभर आधी उडून जाईल आणि फोटो अंधारात राहील. कॅमेऱ्यातील रेड आय (फोटोत डोळे लाल दिसणे) कमी करण्याची सोय बंद ठेवा, छोट्या फ्लॅशची भरपाई, म्हणजे त्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय, जितकी उणे जाते तितकी उतरवा आणि त्याच्यासमोर दुमडलेले एक व्हिजिटिंग कार्ड अशा कोनात धरा की त्याचा उजेड नवरीच्या चेहऱ्यावर न पडता स्टँडच्या दिशेने वळेल. मंगल कार्यालयाच्या पांढऱ्या भिंतींमध्ये हे छान चालते. उघड्या रानातल्या मंडपात, दुपारच्या उन्हात, संवेदकाला तो झोत दिसतच नाही. शिवाय दुसऱ्या फोटोग्राफरच्या प्रत्येक झोतावरही तुमचा फ्लॅश उडेल. या दोन कारणांसाठीच शेवटी रेडिओ ट्रिगर घ्यावा लागतो.

रेडिओ घेतल्यावरही चॅनल, म्हणजे ट्रिगर आणि फ्लॅश ज्यावर बोलतात तो रेडिओचा मार्ग, बदलायला विसरू नका. उदगीरच्या एका कार्यालयात वरच्या आणि खालच्या दालनात एकाच मुहूर्तावर दोन लग्ने होती आणि माझा ट्रिगर पेटीतून निघाला तेव्हाच्या पहिल्या चॅनलवरच होता. वरच्या मजल्यावरच्या फोटोग्राफरने शटर दाबले की खाली माझा फ्लॅश उडायचा. मुंडावळ्या बांधून घेणारा नवरदेव दर वेळी दचकून डोळे मिटायचा आणि मला हवा असलेला क्षण आला तेव्हा फ्लॅश अजून भरतच होता. सेल खराब आहेत असे समजून मी ते दोनदा बदलले. गोडॉक्समध्ये ३२ चॅनल असतात आणि शिवाय १ ते ९९ पर्यंतचा ओळख क्रमांकही देता येतो. दोन्ही फ्लॅशवर आणि ट्रिगरवर सारखेच लावून त्याची चिठ्ठी बॅगेत चिकटवून ठेवा. हे ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे बहुतेक वायफाय जिथे चालते त्याच पट्ट्यात बोलतात आणि माणसांच्या गर्दीतून त्यांचा आवाज क्षीण होतो, म्हणून स्टँड डोक्यांच्या वर जाईल इतका उंच करा. वाऱ्याने तो कलंडू नये यासाठी पायथ्याशी वाळूची पिशवी बांधा; मंडपवाल्याकडे ती मागितली की मिळते.

प्रश्न : माझा निकॉन डी५६०० आणि साधा रेडिओ ट्रिगर आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात सकाळी दहाच्या सुमारास प्रीवेडिंगचे फोटो काढताना शटर १/५०० सेकंदावर ठेवले, तर प्रत्येक फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा आला. ट्रिगर सदोष आहे काय? (एक वाचक, तुळजापूर, जि. धाराशिव)

उत्तर : दोष ट्रिगरचा नाही. शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकला की कॅमेऱ्यातला संवेदक, ज्यावर फोटो उमटतो तो, उघडा पडतो आणि ठरलेल्या वेळाने दुसरा त्याच्यामागून येऊन तो झाकतो. तुमच्या कॅमेऱ्यात १/२०० पर्यंत एक क्षण असा येतो की संपूर्ण संवेदक एकाच वेळी उघडा असतो, आणि फ्लॅश नेमका त्या क्षणी उडतो. १/५०० वर पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो. त्याने झाकलेल्या भागापर्यंत फ्लॅशचा उजेड पोहोचत नाही. काही स्वस्त ट्रिगर निरोप पोहोचवायला किंचित उशीर करतात, त्यामुळे १/२०० वरही बारीक पट्टा दिसू शकतो. तसे झाले तर १/१६० वर या.

पण मग ऊन कसे आवरायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. लख्ख उन्हात आयएसओ (संवेदकाची उजेड टिपण्याची क्षमता) १०० आणि शटर १/२०० ठेवले तर लेन्सचे छिद्र साधारण एफ/११ लागते. फ्लॅशचा गाईड नंबर (ताकदीचा आकडा; त्याला एफच्या आकड्याने भागले की पोहोच मीटरमध्ये मिळते) ३६ आहे असे धरले तर एफ/११ वर तो पूर्ण ताकदीने जेमतेम सव्वातीन मीटरपर्यंत पुरेल, तेही उघडा. अंब्रेला (उजेड पसरवून मऊ करणारी छत्री) लावली की त्याच्या निम्म्यावर या. प्रत्येक वेळी पूर्ण ताकद वापरली की भरायला वेळ लागतो आणि फ्लॅश तापतो. यावरचा महागडा उपाय म्हणजे हाय स्पीड सिंक असलेला ट्रिगर आणि फ्लॅश. त्यात पडदे सरकत असताना फ्लॅश अतिशय वेगाने लुकलुकत राहतो आणि १/५०० वरही पट्टा येत नाही. मात्र त्या लुकलुकण्यात दोन स्टॉप किंवा त्याहून अधिक ताकद वाया जाते, म्हणजे उजेड चौथाईवर किंवा त्याखाली येतो. पार्श्वभूमी धूसर हवी आणि छिद्र एफ/२.८ ला उघडायचे असेल तर तो घ्या. केवळ ऊन आवरण्यासाठी घेणार असाल तर थांबा. नळदुर्गला तटबंदीची सावली भरपूर आहे. जोडप्याला बुरुजाच्या सावलीच्या कडेला, सूर्याकडे पाठ करून उभे करा. चेहरे सावलीत आले की तुमचा आताचा फ्लॅश चौथ्या भागाच्या ताकदीवरही पुरेल, विशेषतः तो आणखी जवळ आणलात तर. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, आणि ही चौपट कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

प्रश्न : वडिलांच्या काळातले दोन स्टुडिओ फ्लॅश अजून चालू आहेत. त्यांची सिंकची, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची, तार तुटली आहे. ते नव्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडले तर चालेल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : तारेने थेट जोडू नका. त्या काळच्या काही फ्लॅशच्या सिंक जोडणीवर दोनशे व्होल्टपेक्षाही जास्त दाब असतो आणि तो नव्या कॅमेऱ्याच्या नाजूक सर्किटला जाळू शकतो. फ्लॅश पूर्ण भरल्यावर सिंकच्या दोन टोकांना मल्टिमीटर डीसीवर लावून आकडा पाहा. हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि आतले झाकण मात्र कोणीही उघडू नये, कारण फ्लॅश बंद केल्यानंतरही कपॅसिटर या आतल्या भागात वीज साठलेली असते. मोजलेला आकडा रिसिव्हरच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तर रेडिओ रिसिव्हर लावा. मग तो दाब रिसिव्हरपाशीच अडतो आणि कॅमेऱ्याचा या फ्लॅशशी तारेने काही संबंधच राहत नाही. एका फ्लॅशला रिसिव्हर लावला तरी पुरते. दुसऱ्यावर प्रकाशसंवेदक असेल तर पहिल्याच्या झोताने तो आपोआप उडेल.

प्रश्न : माझा फ्लॅश दहा मीटरवरून उडतो, पण बाळांचे फोटो काढताना दोन हात अंतरावर ठेवला की कधी उडतो, कधी नाही. (एक वाचक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : फार जवळ आल्यावर ट्रिगरचा जोरदार संदेश रिसिव्हरला झेपत नाही. गोडॉक्सच्या बऱ्याच ट्रिगरमध्ये अंतर शून्य ते तीस मीटर असे बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती लावा. तशी सोय नसेल तर फ्लॅश थोडा मागे घ्या, किंवा फ्लॅश आणि कॅमेरा यांच्या मधे तुम्ही स्वतः येऊन उभे राहा, संदेश तेवढ्यानेही मंदावतो. त्याआधी सेल बदलून पाहा, आणि बाळाच्या डोळ्यांसमोर उघडा फ्लॅश न मारता तो छताकडे किंवा पांढऱ्या चादरीकडे वळवा.