बिग बँगला साक्षीला बोलावू नका

देव आहे की नाही या वादात उतरण्याआधी एक पथ्य पाळा. 'बिग बँग (विश्वाच्या आरंभीचा महास्फोट) झाला, म्हणजे देव सिद्ध झाला' असं म्हणू नका. मोह होतोच, १९५१ च्या भाषणात पोप बारावे पायसही त्या वाटेने बरेच पुढे गेले होते. पण या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र, स्वतः कॅथलिक धर्मगुरू, त्यांनाच ही सरमिसळ पसंत नव्हती.

ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस तर तेराव्या शतकातच सांगून गेले की जगाला आरंभ होता हे श्रद्धेने मानायचं, तर्काने सिद्ध होत नाही. त्यांच्या लेखी निर्मिती म्हणजे आत्ता या घडीलाही प्रत्येक वस्तूचं अस्तित्व देवावर टेकलेलं असणं. विश्व अनादि निघालं तरी हा युक्तिवाद हलत नाही.

आधी त्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथाच्या पहिल्या भागातला ४६ वा प्रश्न वाचा. सावकाश; तिथे आक्षेप आधी येतात, नवखे त्यांनाच लेखकाचं मत समजून बसतात.