घरच्या नोंदींसाठी डेटाबेस निवडताना

बिलं, वॉरंटीच्या तारखा, औषधं एवढंच ठेवायचं असेल तर पोस्टग्रेसच्या, म्हणजे वेगळा सर्व्हर चालवावा लागणाऱ्या मोठ्या डेटाबेसच्या, वाटेला सध्या जाऊ नका. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो. वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एकाच फाइलमध्ये.

घरातल्या इतरांनाही ब्राउझरमधून नोंदी करायच्या असतील तर माझं मत ग्रिस्टला, म्हणजे घरच्या मशीनवर चालवता येणाऱ्या एका तक्त्यांच्या अ‍ॅपला. दिसायला स्प्रेडशीट, सूत्रं पायथनमध्ये, आणि आतून प्रत्येक दस्तऐवज म्हणजे एसक्यूलाइटचीच फाइल. उद्या ग्रिस्ट सोडलं तरी डेटा तुमच्या हातात राहतो, आणि निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघतो. एखादा डेटाबेस आधीपासून असेल तर त्याला नोकोडीबी हे तशाच तऱ्हेचं अ‍ॅप जोडता येतं. बेसरो हे याच प्रकारातलं आणखी एक अ‍ॅप देखणं आहे, पण त्याला पोस्टग्रेस लागतंच. जुन्या छोट्या मशीनला ते जड जातं.

तारखा 2025-03-14 अशाच लिहा. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार नाही, त्यामुळे 14-03-2025 असं लिहिलंत की क्रम लावताना गोंधळ ठरलेला.

बॅकअप घेताना चालू फाइल नुसती कॉपी करू नका. त्याच वेळी लिहिणं चालू असेल तर प्रत बिघडू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा आहे, ती वापरा आणि प्रत एकदा उघडून बघा. या अ‍ॅपसाठी किंवा डेटाबेससाठी राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) मात्र उघडू नका. घराबाहेरून नोंदी बघायची गरज लागलीच तर वायरगार्ड, म्हणजे घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं व्हीपीएन, वापरा.